शिराजचा तीळ

सोलापूर, रविवार, रात्री उशिरा

जर्मन, फारसी आणि इंग्रजी साहित्य एकत्र शिकायचे ठरवल्यापासून सुट्टीतही तिघांपैकी कोणालाच पुण्यात ठेवून येता येत नाही, म्हणून वह्या घेऊनच घरी आले आहे. आजची दुपार फारसी कवी हाफिजच्या एकाच शेरात गेली. तो शिराजचा तुर्क आमचे हृदय हाती घेईल, तर त्याच्या काळ्या तिळासाठी मी समरकंद आणि बुखारा ही शहरे देऊन टाकीन, असा त्याचा अर्थ. ‘त्याच्या’ हा शब्द लिहिला आणि तिथेच अडले. फारसीत व्याकरणातले लिंगच नाही. तो आणि ती या दोघांसाठी ‘ऊ’ हे एकच सर्वनाम चालते. प्रिय व्यक्ती पुरुष की स्त्री, हे त्या ओळीतले सर्वनाम सांगतच नाही.

इंग्रज विद्वान विल्यम जोन्सने 1771 साली आपल्या फारसी व्याकरणात या गझलेचे इंग्रजी रूपांतर दिले आणि पहिल्याच संबोधनात ‘गोड कुमारिके’ म्हणून प्रश्न मिटवून टाकला. शिवाय तीळ गेला आणि त्याच्या जागी गुलाबी गाल व लिलीसारखा हात आला. मला त्याचे वाईट वाटते ते एवढ्यासाठी, की ‘तू’ म्हणून बोलताना इंग्रजीला लिंग सांगावेच लागत नाही. मोकळीक हाताशी असताना ती त्याने घेतली नाही.

जर्मन कवी गोएथेची अडचण वेगळी होती, कारण जर्मनमध्येही मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. 1814 साली त्याने हामरच्या जर्मन अनुवादातून हाफिज वाचला आणि 1819 साली त्याचा स्वतःचा ‘दिवान’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात प्रेयसी झुलायकाचा एक भाग आहे आणि पेला भरणाऱ्या साकीचा दुसरा. हाफिजकडे जे एकाच ओळीत मिसळलेले असते, ते इथे दोन दालनांत वेगळे झाले, असे मला वाटते. झुलायकाच्या तोंडी असलेल्या काही कविता तर मारियाने फॉन विलेमर हिने लिहिल्या होत्या, आणि हे जगाला 1869 साली कळले. एका स्त्रीचा आवाज इतकी वर्षे पुरुषाच्या नावाखाली वाचला गेला, याचा विचार आज पुन्हा पुन्हा मनात येत राहिला.

संध्याकाळी आईला मूळ शेर मोठ्याने वाचून दाखवला. तिला फारसी येत नाही, तरी ‘बख्शम’ ऐकताच ती म्हणाली, “बक्षीस देईन म्हणतोय ना गं?” गोएथेला अनुवादातून गाठावा लागलेला शब्द सोलापुरातल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच होता. मी बसले होते ती चादरही शब्दाने फारसीच.

मग जेवणानंतर पुन्हा लिहायला बसले आणि जोन्सने सोडून दिलेली वाट धरली: ‘तू आमचे हृदय हाती घेतलेस, तर तुझ्या काळ्या तिळासाठी समरकंद-बुखारा बक्षीस देईन.’ मराठीत ‘घेतलेस’ हे रूप हृदयाच्या लिंगाने चालते, घेणाऱ्याच्या नव्हे. ‘तुझ्या’ आणि ‘देईन’ यांतूनही काही उघड होत नाही. मात्र हाफिज प्रिय व्यक्तीविषयी दुरून बोलतो, तिच्याशी थेट बोलत नाही. ते अंतर माझ्या ओळीत राहिले नाही. आणि ‘तुर्क’ हा शब्द अजून बाहेरच आहे. मराठीत तो पुल्लिंगीच येतो.