‘गं’पाशी अडलेलं प्रकरण

पीएच.डी.चं दुसरं प्रकरण गाईड मॅडमनी परत दिलं, तेव्हा त्यावर एकही लाल खूण नव्हती. शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं : ‘यात लावणी कुठे आहे?’

माझा विषय मराठी चित्रपटातल्या लावणीचा स्त्रीवादी अभ्यास. मध्यभागी ‘सांगत्ये ऐका’, म्हणजे अनंत माने यांचा १९५९ सालचा चित्रपट. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो शंभरावर आठवडे चालला. त्या प्रकरणाची बेचाळीस पानं होती आणि त्यातली तीस ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्हीच्या १९७५ च्या निबंधावर खर्ची पडली होती. मल्व्हीचं म्हणणं असं की, हॉलिवूडच्या चित्रपटात कॅमेऱ्याची, नायकाची आणि प्रेक्षकाची नजर एकाच दिशेला वळते; पुरुष बघतो, बाई बघितली जाते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभी राहिले होते. लहानपणापासून पडद्यावर पाहिलेले फड डोळ्यांपुढे आले. आधी फेटेवाल्यांचे चेहरे, मग घुंगरू बांधलेले पाय, मग पुन्हा चेहरे. हे असं का दाखवतात, ते कुणीतरी पहिल्यांदा नीट सांगत होतं.

घोळ पुढे झाला. एकेक गाणं घ्यायचं, त्यावर ‘पुरुषी नजर’ लावायची आणि पुढच्या गाण्याकडे जायचं, असं मी करत गेले. निष्कर्ष आधीच तयार होता. त्यामुळे कुठलंही गाणं बदललं असतं तरी प्रकरण तेच राहिलं असतं.

“चित्र बंद कर,” मॅडम म्हणाल्या. “पंधरा दिवस नुसतं ऐक. सिद्धांताचं एक अक्षर लिहू नकोस.”

खरं सांगते, मला राग आला. सहामाही प्रगती अहवाल तोंडावर आला होता. तरी रात्री हेडफोन लावून ‘बुगडी माझी सांडली गं’ ऐकायला बसले. गदिमांचे शब्द, वसंत पवारांचं संगीत, आशाबाईंचा आवाज. पडद्यावर जयश्री गडकर, पण त्या आता दिसत नव्हत्या. चौथ्या का पाचव्या दिवशी ‘चुगली नगा सांगू गं’ या शब्दांपाशी मी थांबले.

‘गं’ आपण कुणाला म्हणतो? आईला, बहिणीला, मैत्रिणीला. पुरुषाला कधीच नाही. म्हणजे या गाण्यातली बाई बोलतेय ती बायकांशी. कानाच्या वरच्या पाळीतली बुगडी पडली, हे ती त्यांना सांगते आणि घरी कळू देऊ नका म्हणून विनवते. दाखवलं जातंय पुरुषांना आणि सांगितलं जातंय बाईला! मल्व्ही डोळ्यांबद्दल बोलत होती; मी कानांचा विचारच केला नव्हता.

मग मागे जाऊन रामजोशी, होनाजी, सगनभाऊ वाचले. तिथेही ‘सखे’, ‘गं’, ‘बाई’ भरपूर. अर्थात हे सगळे शाहीर पुरुष, गदिमाही पुरुषच. म्हणजे पुरुषानं बाईच्या तोंडून बाईशी केलेलं बोलणं, तेही पुरुषांनी चोरून ऐकावं म्हणून. हे गुंतागुंतीचं आहे आणि ते एका संज्ञेत बसवू नये, असं मला अजूनही ठामपणे वाटतं. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांचा लावणी कलावंतांवरचा १९९५ चा लेख तेव्हा फार उपयोगी पडला. लावणीत दिसणारी बाई, ती गाणाऱ्या बाईची जात आणि त्या कलेवर ताबा कुणाचा, हे त्या एकमेकांपासून तोडून बघू देत नाहीत. माझ्या प्रकरणात गाणारी बाई नव्हतीच.

म्हणून पुण्याजवळच्या चौफुल्याला गेले; तिथल्या कलाकेंद्रांत लावणीच्या बैठका होतात. बैठकीच्या, म्हणजे बसून गायच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतात आणि दर वेळी अदा निराळी असते. दुपारी बैठक नसताना एका वयस्कर गायिकेला मी ‘गं’बद्दल विचारलं. त्या हसल्या. “ताई, म्हणून दावते. शब्दाकडं नगा बघू, माझ्या मानंकडं बघा.” पहिल्या वेळी ‘गं’वर त्यांनी समोर पाहिलं, जिथे गिऱ्हाईक बसतं. दुसऱ्या वेळी मान किंचित मागे वळली, मागे बसून साथीला गाणाऱ्या बाईकडे. त्या दोघींमध्ये काहीतरी झालं आणि पुढची ओळ दोघींनी मिळून उचलली. “समोर बघून म्हनलं की त्येंचं, मागं बघून म्हनलं की आमचं.” बसमध्ये बसल्या बसल्या मी हे वाक्य जसंच्या तसं उतरवून काढलं.

तिसरं प्रकरण ‘सांगत्ये ऐका’तल्या अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर होतं. चित्रपटाचंच नाव त्यांनी आपल्या आयुष्याला दिलं. अरुण साधूंनी शब्दांकन केलं, १९७० मध्ये पुस्तक आलं आणि १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला. इथे सोबतीला सिद्धांतकार गायत्री स्पिवाक यांचा १९८८ चा निबंध होता, दबलेल्यांना बोलता येतं का, असं विचारणारा. स्पिवाक वाचताना वाक्यावाक्याला दम लागतो, पण त्यांचा मुद्दा ऐकण्याचा आहे : बोललेलं ऐकून घेणारं कुणी नसेल तर ते बोलणं पुरं होत नाही. आणि हंसाबाईंच्या पुस्तकाच्या नावात नेमकं हेच आहे. ‘सांगत्ये’ या रूपातच बाई आहे आणि ‘ऐका’ ही तिची आज्ञा आहे. इंग्रजी अनुवादाचं नाव मात्र ‘यू आस्क, आय टेल’. तुम्ही विचारता म्हणून मी सांगते! आज्ञा गेली, उत्तर राहिलं. या एका फरकावर मी अकरा पानं लिहिली. त्यातलं एकही पान मॅडमनी कमी केलं नाही.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, “मल्व्ही चुकली असं म्हणायचंय का?” मी म्हटलं, “नाही सर. तिच्यामुळेच मला कॅमेरा दिसला. पण ‘गं’ तिच्या भाषेत नाही.” त्यांनी मान डोलावली आणि संदर्भसूचीतल्या चुकांकडे वळले.

पक्की प्रत बांधायला टाकण्याआधी चौफुल्याच्या त्या गायिकेला फोन केला आणि त्यांच्यावरची दोन पानं वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“सहगायिका म्हंजी कोन?”

“तुमच्या मागे बसल्या होत्या, त्या.”

“ती माझी धाकली भन हाय. ते लिवा की.”

प्रेसमधून फाईल परत मागवली आणि पान १४७ वर ‘सहगायिका’ खोडून ‘धाकटी बहीण’ केलं.