रूळ, धक्का आणि परवानगीचा कागद

जिथे रूळ संपतात आणि पाणी सुरू होतं, अशा जागांचे फोटो काढायचं मला वेड आहे. इस्तंबूलचं हैदरपाशा स्थानक असं आहे. पायऱ्या उतरलात की समोर समुद्र, आणि शेजारीच बोटीचा धक्का. न्यू यॉर्कच्या पलीकडे हडसनच्या काठावर होबोकन आहे. १९०७ सालच्या त्या तांब्याने मढवलेल्या इमारतीत रेल्वे आणि फेरी एकाच छपराखाली येतात. दोन्हीकडे मला कुणी हटकलं नाही. हैदरपाशाला तर २०१३ पासून गाड्याच बंद, त्यामुळे हटकायला माणूसही फारसा नव्हता.

मग वाटलं, आपल्या मुंबईचं काय? मुंबईतही असं ठिकाण होतं. बॅलार्ड पियरच्या मोल स्थानकावर विलायतेहून आलेल्या बोटीतून उतरायचं आणि थेट गाडीत बसायचं. १९२८ मध्ये सुरू झालेली पेशावरची गाडी, फ्रंटियर मेल, इथूनही प्रवासी घेऊन जायची. आता तो सगळा भाग बंदराच्या कुंपणाआत आहे आणि फाटकावर सीआयएसएफचे जवान. म्हणजे एका फ्रेममध्ये गाडी आणि बोट मिळणं कठीण. तुकड्यातुकड्यांनी काढायचं ठरवलं: सीएसएमटी, भाऊचा धक्का, गेटवे, आणि जमलंच तर बॅलार्ड पियर. प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

सीएसएमटीपासून सुरुवात केली. बाहेरून फोटो काढायला कुणाची ना नाही. पालिका मुख्यालयासमोरच्या सेल्फी पॉइंटवर रोज शेकडो लोक तेच करतात. दर्शनी बाजू पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळी तिथे जाण्यात अर्थ नाही. दुपार कलली की दगडाला रंग चढतो. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे, इंग्लंड आणि हिंदुस्थान म्हणून. फ्रेडरिक स्टीव्हन्सने ही इमारत १८७८ मध्ये सुरू केली, पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. समोरची पालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ सालची. त्यामुळे एकाच जागी उभं राहून मान वळवली की एकाच माणसाची दोन कामं दिसतात. पाठ करून उभं राहायचं झालं तर कुणाकडे करायची, हा खरा प्रश्न!

मला हवा होता तो आतला फोटो, सकाळच्या लोकलच्या गर्दीचा. मोठा कॅमेरा घेऊन फलाटावर तासभर उभं राहायचं तर आधी विचारलेलं बरं, म्हणून अर्ज केला. पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं, ‘वारसा वास्तूचे छायाचित्रण’. कारकून साहेबांनी तो वाचला आणि शांतपणे विचारलं, ‘‘ताई, उभ्या कुठे राहणार? किती वाजता? सोबत कोण?’’ मग त्यांच्याच टेबलावर बसून नव्याने लिहिलं: लोकलचे फलाट आणि तिकीट खिडक्यांचा हॉल, सकाळी नऊ ते अकरा, एक कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड नाही, फ्लॅश नाही, सोबत कुणी नाही, विक्रीसाठी नाही. ओळखपत्राची प्रत जोडली. मोघम अर्जावर सही करायला कोणताही अधिकारी धजत नाही, कारण उद्या काही झालं तर सही त्याची असते. नेमकं लिहिलं की त्याचंही ओझं हलकं होतं. पुढची सगळी पत्रं मी याच साच्यात लिहिली.

रूळांच्या जवळ जाऊन फोटो काढायचा मोह होतो. रेल्वे कायदा, १९८९ चं कलम १४७ तिथे आडवं येतं: विनापरवाना रुळांवर गेलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम नसतं तरी मी गेले नसते. लोकल किती गुपचूप येते हे मुंबईकराला सांगायला नको.

ट्रायपॉडशिवाय गर्दी कशी पकडायची? कॅमेरा खांबाला टेकवायचा, श्वास रोखायचा आणि शटर एक अष्टमांश सेकंदावर ठेवायचं. खांब स्थिर येतो, माणसं वाहत जातात. गाडी फलाटाला लागली की पहिली लाट येते ती धावणाऱ्यांची. ती मी सोडून द्यायचे. मला मागून येणारे आवडतात: डबा सावरणारे, घड्याळ न बघणारे, ज्यांचा लेट मार्क आधीच लागलेला आहे. आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने दोनदा पत्र मागितलं, दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तोच आला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, वरच्या छताचा पण घ्या की.’’ घेतला. निळ्यावर सोनेरी तारे काढलेलं ते छत खरोखर सुंदर आहे, पण त्याखालून जाणारा माणूस मान वर करत नाही. म्हणून मी रिकाम्या छताचा एकही फोटो ठेवला नाही.

गेटवेबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. सकाळी लवकर जा, ऊन समुद्राकडून येतं, कबुतरं सांभाळा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी धक्क्यावर लाँचची गडबड कमी असते.

खरा जीव रमला तो भाऊच्या धक्क्यावर. हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरायचं आणि चालत जायचं. मोरा आणि रेवसच्या लाँच इथून सुटतात, आणि २०२० पासून मांडव्याची रो-रोही, म्हणजे मोटारी पोटात घेऊन जाणारी मोठी बोट. इथे रेल्वेसारखं वेळापत्रक एकटं चालत नाही, त्याच्या डोक्यावर भरती-ओहोटी बसलेली असते. मोऱ्याला गाळ साचलेला, ओहोटीला लाँच लागत नाही. त्यामुळे फोटोची वेळ मी घड्याळापेक्षा भरतीच्या तक्त्यावरून ठरवायला लागले. पावसाळ्यात गेटवे-मांडवा वाहतूक बंद होते, पण मोऱ्याची लाँच चालू असते. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला तरच थांबते. भिजलेल्या ताडपत्रीखाली दाटीवाटीने बसलेली माणसं हा माझ्या संग्रहातला सर्वांत आवडता फोटो आहे.

मासळीच्या भागात आधी कॅमेरा पिशवीत ठेवला. एका मावशींनी टोपली उतरवता उतरवता विचारलं, ‘‘कुठल्या पेपरातून आलीस?’’ कुठल्याच नाही म्हटल्यावर म्हणाल्या, ‘‘मग हात लाव.’’ टोपली उचलून दिली, मगच फोटो. याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ ला गटारी अमावास्येच्या दिवशी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सुमारे सातशे माणसं गेली. रेवसच्या रांगेत कॅमेरा डोळ्याला लावताना ती तारीख आठवतेच.

रो-रोच्या डेकवरून बॅलार्ड पियर लांबून दिसतो. त्या बाजूला नौदलाची गोदीही आहे, तिकडे लेन्स वळवायची नाही. आत जाण्यासाठी केलेला अर्ज मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतोच आहे. नकार नाही, होकारही नाही. मग लक्षात आलं की तिथून प्रवासी क्रूझ सुटतात, म्हणजे तिकीट काढलेल्या माणसाला आत जायला वेगळा पास लागत नाही. हे नणंदेसमोर सहज बोलले. तिने त्याच संध्याकाळी दिवाळीनंतरचे दर पाठवले, खिडकीवाल्या केबिनचे.