चिमूटभर चिकणमाती आणि साठ पौंड हवा

मागची नोंद पावसाच्या तोंडावर लिहिली होती. त्यानंतर चतुर्थी झाली, दसरा गेला, शेतं कापून झाली, आणि आता वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, लावणी सुरू झाल्यावर आज पुन्हा लिहायला बसलो आहे. पावसाळ्याच्या आधी आमच्या रविवारच्या वर्गात अकरा मुलं होती आणि त्यांच्या ग्लायडरपैकी (इंजिन नसलेली, हाताने फेकायची छोटी विमानं) सरळ जाणारे दोनच होते. आज मुलं चौदा आहेत आणि सरळ जाणारे ग्लायडर नऊ. मधल्या काळात सामान तेच राहिलं, जागा तीच राहिली. बदललं एकच: प्रत्येकाच्या हातात वही दिली, आणि एका फेकीला एकच बदल करायचा असा नियम घातला. जे काही पुढे सरकलं ते त्या वहीमुळे, असं माझं ठाम मत झालं आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. देवळाच्या अग्रशाळेतली (भाविकांच्या उतरायच्या जागेतली) एक लांब खोली महाजनांनी, म्हणजे देवस्थानच्या कारभाऱ्यांनी, आम्हाला रविवारी सकाळी वापरायला दिली आहे. शिकवणारे चौघे. नौदलाच्या विमानांची दुरुस्ती करण्यात ज्यांची नोकरी गेली ते आमचे दादा, हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या बाई, इंजिनिअरिंगला असलेला गावातलाच एक मुलगा, आणि मी. मी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, मशीनवर असतो. वर्ग फुकट आहे. सामानाचा खर्च आम्ही चौघे वाटून घेतो.

वहीची कल्पना आमची नाही. अमेरिकेत सिव्हिल एअर पेट्रोल नावाची संस्था १ डिसेंबर १९४१ ला सुरू झाली. ती तिथल्या हवाई दलाची पूरक संस्था आहे आणि तिचं काम चालतं ते मुख्यतः स्वयंसेवकांवर. आपत्तीत शोध आणि मदत, मुलांचे कॅडेट वर्ग आणि विमान-अवकाशाचं शिक्षण अशी तिची तीन कामं. मॉडेल रॉकेटचा त्यांचा अभ्यासक्रम रेडस्टोन, टायटन आणि सॅटर्न अशा तीन पायऱ्यांचा आहे. आधी लेखी परीक्षा, मग हाताने केलेलं काम, मगच पुढची पायरी. दादांनी हे वाचून दाखवलं तेव्हा आमची चूक कुठे होत होती ते माझ्या लक्षात आलं. आम्ही मुलांना एकदम उडवायलाच नेत होतो. उडालं की टाळ्या, पडलं की आम्हीच दुरुस्त करून द्यायचो. मूल घरी जाताना हातात ग्लायडर असायचा, डोक्यात मात्र काही राहत नसे.

आता सुरुवात अशी होते. थर्मोकोलच्या पातळ शीटमधून ४० सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर रुंद पंख कापायचा, मधोमध हलकी खाच पाडून दोन्ही टोकं वर उचलायची. धडासाठी बांबूची घासलेली काडी, शेपटीला त्याच शीटचे तुकडे. नाकाला वजन म्हणून चिकणमाती. ही माती चित्रशाळेतून येते. चतुर्थीच्या आधी गणपती घडवून झाले की उरलेला गोळा आमचे मूर्तिकार ओल्या गोणपाटात गुंडाळून आमच्यासाठी ठेवतात. तिच्यासारखं नाकाचं वजन दुसरं नाही. चिमटीने काढता येते, चिमटीने लावता येते, आणि ग्लायडर आपटला तर ती चेपते, पंख वाचतो.

सातवीतल्या एका मुलीच्या वहीतलं पान माझ्यासमोर आहे. तिने खिशात मावणाऱ्या डिजिटल काट्यावर मातीची प्रत्येक गोळी मोजली आहे. २ ग्रॅम लावल्यावर ग्लायडरने नाक वर केलं, जागीच थांबला आणि शेपटीवर पडला. अंतर साडेचार मीटर. पुढे तिने लिहिलंय, "दम लागल्यासारखा थांबतो." स्टॉलचं, म्हणजे वेग संपून पंखांची उचल जाण्याचं, इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ३ ग्रॅमला ७ मीटर ८०. ४ ग्रॅमला सरळ खाली, ६ मीटर १०. मग तिने स्वतःच ३ ग्रॅमवाला ग्लायडर दोन बोटांवर तोलून पाहिला आणि तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून अडीच सेंटीमीटरवर येतो हे लिहून ठेवलं. म्हणजे रुंदीच्या तीस टक्क्यांच्या आसपास. आपण सगळे सीजी, म्हणजे तोलाचा बिंदू, पंखाच्या पाव ते एक तृतीयांश रुंदीत ठेवतो ते ऐकीव म्हणून. तिने ते मोजून काढलं. त्या पानाखाली बाईंनी फक्त तारीख घालून सही केली, दुसरं काही लिहिलं नाही. ते मला आवडलं.

पावसात दोन महिने एक गोष्ट आम्हाला छळत होती. शनिवारी सरळ जाणारा ग्लायडर रविवारी उजवीकडे वळायचा. मुलांनी रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, वाकवून बघितला, माती डावीकडे सरकवली, फेकणारा हात बदलला. शेवटी एका मुलाने पंख डोळ्याच्या रेषेत धरून टोकाकडून पाहिला, तर उजवं टोक मागच्या कडेला किंचित वर पिळलेलं. ग्लायडर खिडकीत ठेवलेले होते, पंखाला लावलेली कार्डबोर्डची पट्टी दमट हवेने फुगली होती आणि तिने पंख पिळला होता. मागची कड वर गेली की त्या बाजूची उचल कमी होते, तो पंख खाली जातो आणि विमान तिकडेच वळतं. तेव्हापासून पंखाला कार्डबोर्ड लावायचा नाही, आणि ग्लायडर दोरीवर कपड्यांसारखे चिमट्यांनी टांगून ठेवायचे. गोव्यात जून ते सप्टेंबर कागद आणि पुठ्ठा यांच्यावर विसंबू नका, एवढंच इथल्या सोबत्यांना सांगतो.

ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये घेऊन गेलो. दादांसाठी ती जागा देवळासारखी आहे. सी हॉक, अलिझे, अंगणातलं ते प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन. मुलं सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली ती सी हॅरियरपाशी. त्याचे पंख टोकांना खाली झुकलेले आहेत, आणि आम्ही तर वर्गात चार महिने सांगत होतो की टोकं वर उचला म्हणजे विमान स्वतःहून सावरतं. "मग हे पडत नाही?" हा प्रश्न एकाच वेळी तिघांनी विचारला. दादा खाली बसले आणि जमिनीवर बोटाने आकृती काढून त्यांनी समजावलं. हॅरियरचा पंख धडाच्या वरच्या बाजूला बसवलेला आणि मागे रेललेला आहे. या दोन्हींमुळे सावरण्याचा गुण आधीच भरपूर येतो, इतका की विमान हट्टी होतं, वळायला त्रास देतं. म्हणून टोकं खाली करून तो गुण कमी केला. नौदलात १९८३ मध्ये आलेलं हे विमान २०१६ मध्ये दाबोळीच्या हंसा तळावरूनच निवृत्त झालं. त्यातल्या काहींवर स्वतः काम केलेला माणूस समोर बसून सांगत होता. परत येताना बसमध्ये आवाज नव्हता. पुढच्या रविवारी दोघांनी टोकं खाली झुकवलेले ग्लायडर करून आणले. ते भोवऱ्यासारखे फिरून पडले, आणि ते का पडले हे मुलांना आमच्या आधी सांगता आलं.

नोव्हेंबरमध्ये शेतं मोकळी झाली आणि पाण्याची रॉकेटं, म्हणजे थोडं पाणी भरून पंपाने हवा दाबलेल्या बाटल्या, बाहेर काढली. घन इंधनाच्या मोटरींना आम्ही हात लावत नाही आणि लावणारही नाही. सायकलच्या पंपाने शिकण्यासारखं अजून खूप बाकी आहे. तारीख २१ नोव्हेंबरच्या जवळची निवडली. १९६३ मध्ये त्याच दिवशी केरळात थुंब्याहून पहिलं रॉकेट, नाइकी-अपाची, सोडलं गेलं होतं आणि तिथली पहिली कचेरी गावातल्या चर्चमध्ये होती. आमची अग्रशाळेत आहे, हे मुलांना सांगितलं तेव्हा त्यांनी खोलीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

आता कामाचे आकडे देतो. बाटली सव्वा लिटरची, सरळ बाजूंची. दाब प्रत्येक वेळी ६० पौंड (दर चौरस इंचाला), गेज असलेल्या पायपंपाने. उंची मोजायला कोनमापकाला दोरा आणि नट बांधलेला, मोजणारा पॅडपासून, म्हणजे रॉकेट सोडायच्या जागेपासून, ३० मीटरवर. कोनाचा टॅन बाईंच्या तक्त्यातून, गुणिले ३०, आणि डोळ्याची उंची शेवटी वेगळी मिळवायची. पाणी सोडून काहीही बदलायचं नाही. २०० मिलीला कोन ३५ अंश, म्हणजे २१ मीटर. ४०० मिलीला ४६ अंश, ३१ मीटर. ६०० ला ४२ अंश, २७ मीटर. ८०० ला ३० अंश, जेमतेम १७. प्रत्येक आकडा तीन उड्डाणांची सरासरी आहे. पाणी कमी असलं तर मागे फेकायला वस्तुमान नाही, जास्त असलं तर दाबलेल्या हवेला जागा नाही आणि रॉकेट जड. बाटलीचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्याने भरायचा हा जुना आडाखा आपण सगळे वापरतो, पण त्या सकाळी आठवीतल्या मुलांनी आलेखाच्या कागदावर चार टिंबं जोडली आणि त्यांना तो डोंगर दिसला. "पळे, पळे," (बघ, बघ) म्हणत ती वही घेऊन एकमेकांकडे धावली. मला वाटतं, इतक्या वर्षांत आमच्या वर्गातला हा सगळ्यात चांगला क्षण.

एक प्रसंग सांगायलाच हवा. दुसऱ्या रविवारी लाँचरची एक बाजू अडकली. बाटलीचं तोंड धरून ठेवणाऱ्या केबल टायपैकी दोन झिजलेल्या होत्या. त्या टाय सोडवणारं कडं ओढल्यावर रॉकेट तिरकं सुटलं आणि बांधावरच्या काजूच्या झाडात घुसलं. मुलं दहा मीटर मागे, दोरी लांब, चष्मे डोळ्यांवर, म्हणून कुणाला काही झालं नाही. पण लाँचर मी तपासला नव्हता, ती जबाबदारी माझी होती. आता दर वेळी टाय नवीन लावतो आणि प्रत्येक बाटली आधी काठोकाठ पाणी भरून ९० पौंडांवर तपासतो. पाणी आकुंचन पावत नाही, त्यामुळे बाटली फाटली तरी ती हवा भरलेल्या बाटलीसारखी उडत नाही. ओरखडा आलेली बाटली सरळ मोडीत. रॉकेटच्या नाकातही चिकणमातीच आहे, ३० ग्रॅम. दोरीला तोलावर बांधून गरगर फिरवायचं, नाक पुढे राहिलं तरच पॅडवर जागा मिळते.

वहीतून न मागता एक गोष्ट हाती लागली. प्रत्येक उड्डाणाला वेळ लिहायची सवय लावली होती आणि कुणीतरी रॉकेट कुठे पडलं तेही लिहू लागलं. डिसेंबरच्या तीन रविवारांची पानं शेजारी ठेवली तर दहाच्या आधीची रॉकेटं पश्चिमेला, नदीकडे पडलेली, आणि साडेअकरानंतरची सगळी पूर्वेला, डोंगराकडे. मतलई वारे आणि खारे वारे. मुलांनी भूगोलात हे पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. आता दोन्हींच्या मधला शांत तास त्यांना ठाऊक आहे आणि आम्ही उंचीची मोजणी त्याच तासात करतो.

सगळंच गोड नाही. एका शाळेने साठ मुलं एका सकाळी पाठवली, फोटो काढले, प्रमाणपत्रं मागितली. त्या दिवशी एकाही मुलाला हातात कात्री धरायला मिळाली नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्यातली निदान दहा मुलं खिडकीतून टांगलेल्या ग्लायडरांकडे सारखी बघत होती. आम्ही आता एका वेळी पंधराच्या वर मुलं घेत नाही, आणि नाही म्हणायला शिकलो आहोत. त्या दहांपैकी तीन जण नंतर स्वतःहून आले. चौदाचा आकडा झाला तो त्यांच्यामुळे.

पेडण्याच्या सोबत्यांनी ड्रोनबद्दल विचारलं होतं. मोपा विमानतळ जवळ आहे, तेव्हा आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा बघा. २०२१ च्या नियमांप्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर परवानगी लागते, त्याहून जवळ गेलात तर जमिनीपासूनच. मुलांच्या वर्गाला हातफेकीचे ग्लायडर पुरेसे आहेत, आणि शाळेच्या सभागृहातही उडतात.

पुढचं काम पॅराशूटचं. कचऱ्याच्या पिशवीचं, ६० सेंटीमीटर व्यासाचं छत्र शिवून तयार आहे, आठ दोऱ्या समान लांबीच्या. छत्र सोडणारी नाकाची टोपी उड्डाणाच्या शिखरावर सुटत नाही, उतरताना सुटते, तेव्हा उशीर झालेला असतो. नववीतल्या दोघांचं म्हणणं टोपी घट्ट बसते आहे, एका मुलीचं म्हणणं टोपी हलकी आहे, तिच्यात अजून ५ ग्रॅम माती हवी. येत्या रविवारी आधी टोपी सैल करून तीन उड्डाणं, मग माती वाढवून तीन. सरळ बाजूंच्या सव्वा लिटरच्या बाटल्या कुणाकडे असतील तर टाकू नका, डिचोलीला येताना घेऊन या.