बोटावरचे ९८

आषाढी एकादशीची पहाट. पाच वाजायचे होते. वाशीतल्या आमच्या कॅज्युअल्टीत दोघांना धरून आणलं : नारायणगावहून टोमॅटो घेऊन आलेले टेम्पोचालक काका आणि त्यांचा क्लीनर. डोकं ठणकतंय, उलट्या, उभं राहिलं की भोवळ. मी नेहमीचं विचारलं, "रात्री काय खाल्लं?" काकांनी ढाब्यावर अंडाभुर्जी खाल्ली होती. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८. उलटीचं इंजेक्शन लिहून मी पुढच्या पेशंटकडे वळले, तेवढ्यात क्लीनर म्हणाला, "मॅडम, माझी एकादस हाय. काल दुपारपास्नं पाण्याबिगर काय नाय पोटात."

मी थांबले. मग दोघांनाही बाधलं ते काय?

केबिन. मार्केटच्या रांगेत तीन तास दोघं झोपले होते. पाऊस म्हणून काचा बंद, काचांवर वाफ धरते म्हणून इंजिन चालू ठेवून ब्लोअर.

इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोन्हींतला फरक कळतच नाही. त्या ९८ वर विसंबून मी दोघांना घरी पाठवणार होते, आणि घर म्हणजे परत तीच केबिन. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

धमनीतलं रक्त तपासलं. काकांचं कार्बोक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, २६ टक्के, क्लीनरचं २१. विडी-सिगारेट न ओढणाऱ्याचं ३ च्या आत असतं. लगेच पिशवीच्या मास्कने ऑक्सिजन लावला. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, अशा ऑक्सिजनवर तास-दीड तास. ईसीजी ठीक होता.

सातला काकांचा फोन वाजला. मालक. दुसरा ड्रायव्हर टेम्पो न्यायला निघाला होता! मी फोन घेतला आणि गाडी चालू करू नका, टोचन करून गॅरेजला न्या म्हणून सांगितलं. "अहो मॅडम, माल उतरायचाय," म्हणत तो चिडला, पण ऐकलं त्याने.

दुपारी त्याचाच फोन आला. सायलेन्सरचा जोड सुटला होता. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटून पंजा जाईल एवढं भोक, त्यावर गोणपाट.

"गोणपाट कधीपासून आहे रे?" मी क्लीनरला विचारलं.

"दिवाळीपास्नं. खालनं गरम हवा यायची, म्हणून मीच टाकलं, मॅडम."