मनिऑर्डरच्या पावत्या

माजी सैनिकांच्या कामात नोव्हेंबर महिना सगळ्यात धावपळीचा. हयातीचे दाखले याच महिन्यात द्यायचे असतात. ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासूनच मुभा असते. मी सैन्यात क्लार्क होतो, निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात कल्याण संघटक म्हणून काम करतो. तालुक्याच्या गावी टेबल मांडून बसायचं आणि लोकांनी प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणलेली डिस्चार्ज बुकं, पीपीओ (पेन्शन मंजुरीचे आदेश), आधारकार्डं तपासायची, हे माझं काम. माण-खटाव हा दुष्काळी पट्टा. इथल्या घरांत एक भाऊ बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेला, तर दुसरा गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला केरळ नाहीतर तमिळनाडूत गेलेला, असं हमखास सापडतं.

दहिवडीच्या शिबिरात आबा आले ते ऐंशी पूर्ण झाल्यावर मिळणारी वीस टक्के वाढ लागली का, हे विचारायला. १९६३ ची भरती, १९८० ला नाईक हुद्द्यावर पेन्शन. वाढ लागली होती. ते उठायच्या बेतात होते, तेवढ्यात मी ‘स्पर्श’ या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर त्यांच्या कुटुंबाची नोंद उघडली. पत्नीच्या रकान्यात एक नाव आणि आधारवर दुसरंच. (दोन्ही नावं इथं मुद्दाम लिहीत नाही.)

“आबा, हे कोण?”

“आमची मंडळीच की.”

“मग आधारवर हे कोण?”

“ती बी तीच.”

खुलासा त्यांनीच केला. बायको म्हणजे सख्ख्या मामाची मुलगी, लहानपणापासून एका नावानं हाक मारलेली. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं, गाव त्या नावानं ओळखू लागलं. “पर पलटणीत बाबूनं इचारलं तवा माझ्या तोंडात जुनंच आलं,” आबा म्हणाले. तेव्हा लागलेली नोंद पन्नास वर्षांहून जास्त तशीच राहिली, कारण तिची गरज कधी पडलीच नाही.

गरज पडते ती माणूस गेल्यावर. शिपाई हयात असताना त्यानं ‘ही दोन्ही नावं माझ्या बायकोचीच’ असं प्रतिज्ञापत्र दिलं की काम मार्गाला लागतं. तो गेल्यानंतर तेच सिद्ध करायला सत्तरीची बाई तहसील, बँक, रेकॉर्ड ऑफिस अशा वाऱ्या करत राहते. कुटुंब निवृत्तिवेतन म्हणजे पगाराच्या तीस टक्के, कमीत कमी नऊ हजार रुपये महिना. कोरडवाहू घरात त्यावर म्हातारीचं औषधपाणी चालतं. असे हेलपाटे मी फार पाहिलेत, आणि त्या बायकांसमोर बसताना मला आतून लाज वाटते.

आजींना गुडघ्यामुळे चालवत नव्हतं. शिबिर आटोपल्यावर आबांबरोबर मीच त्यांच्या घरी गेलो. मुलगा गलाईत, वर्षाकाठी यात्रेला येणार. घरात सून आणि पोलीस भरतीची तयारी करणारी नात. नातीनं जोडीचा फोटो काढला. मी म्हणालो, लग्नाच्या वेळचा एखादा कागद असेल तर बघा. आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या, लग्नाची नोंद कुठं केलेली नव्हती. शेवटी आबांनी खाटेखालची काळी ट्रंक ओढली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा आर्मी नंबर अजून वाचता येत होता.

वरच ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही १९७१ च्या युद्धाची पदकं. त्याखाली सुतळीनं बांधलेला मनिऑर्डरच्या पोचपावत्यांचा गठ्ठा. पैसे मिळाले की घेणाऱ्याची सही किंवा अंगठा होऊन ती पावती पाठवणाऱ्याकडे परत जायची. आबांनी पलटणीतून घरी पाठवलेल्या पैशांच्या त्या पावत्या, आणि प्रत्येकीवर आजींचा निळा अंगठा. सगळ्यात खालची १९६९ ची. पैसे कुणाला, तिथं आबांच्या अक्षरात माहेरचं नाव. अंगठ्याशेजारी पोस्टमनच्या अक्षरात सासरचं नाव, मधे ‘ऊर्फ’. गावात त्या नावाची बाईच कुणाला माहीत नाही म्हणून पोस्टमननं खात्री करून लिहून घेतलं असणार. प्रतिज्ञापत्रासोबत जोडायच्या यादीत असला कागद कुणी मागत नाही. पण दोन्ही नावं एका अंगठ्याला बांधणारा याहून चांगला पुरावा मला या नोकरीत दिसलेला नाही. त्याच्या दोन झेरॉक्स काढून एक मी फाइलला लावली.

गठ्ठा चाळताना एक खंड दिसला. १९७१ चा नोव्हेंबर आहे, नंतर एकदम १९७२ चा फेब्रुवारी. मी विचारलं तर आबा म्हणाले, “तवा जमालपूरला हुतो.”

ते १ मराठाचे, जंगी पलटणीचे. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, आताच्या बांगलादेशातलं ब्रह्मपुत्रेकाठचं जमालपूर पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीच्या ताब्यात होतं. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तेव्हा पलीकडच्या कर्नल सुलतान महमूदनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निघायला ते बाहेर पडले आणि दक्षिणेच्या रस्त्यावर मोर्चा लावून बसलेल्या १ मराठावरच आले. १ मराठाचे तेव्हाचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, कुलदीपसिंग ब्रार. हा इतिहास मला वाचून माहीत होता. आबांनी त्यातलं काहीच सांगितलं नाही. “रातभर येतच हुते. जवळ आल्याबिगर गोळी चालवायची न्हाय, असा हुकूम. माझ्या उजवीकडचा गडी करवीरचा हुता,” एवढं बोलून ते पावत्या परत सुतळीत बांधायला लागले.

बोलल्या त्या आजी. “ह्यांचं समदी इचारत्यात. मला कुणी इचारलं न्हाय.”

मग त्यांनी तो डिसेंबर सांगितला. मनिऑर्डर नाही, ९९ एपीओचं, म्हणजे लष्करी टपालाचं, पत्र नाही. वाण्याकडं उधारी. मांडीवर सहा महिन्यांचं पोर, घरात आंधळी सासू. सासूला काही कळू द्यायचं नाही म्हणून रोज खोटंच सांगायचं, पत्र आलंय, खुशाल हायेत. एका दुपारी पोस्टमन तार घेऊन गल्लीत शिरलेला दिसला. त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि सासूचं तोंड हातानं दाबून धरलं. तो दार वाजवत राहिला, त्या उघडेनात. तार शेजारच्यांची होती, मुंबईला नातू झाल्याची. शेजारी कुणी नव्हतं म्हणून तो ती ह्यांच्याकडं द्यायला बघत होता. सोळा तारखेला ढाका पडल्याचं चावडीतल्या रेडिओवर ऐकून गावानं गुलाल उधळला. आबांचं पत्र मात्र संक्रांत झाल्यावर आलं. मधले सगळे दिवस त्यांना कपाळाचं कुंकू ठेवू की पुसू, हे ठाऊक नव्हतं.

“आन् पुढच्याच साली बाहात्तर.” बाहात्तरचा दुष्काळ म्हटलं की आमच्या भागात अजून म्हातारी माणसं गप्प होतात. आबा जिंकून आले, दोन महिन्यांची रजा संपवून परत गेले आणि आजी पोराला झोळीत घालून पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. मनिऑर्डर येत होती, पण बाजारात धान्य नव्हतं. लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. डाव्या अंगठ्याचं पेर त्या वर्षी हातोडीखाली सापडलं. त्यांनी बोट पुढं केलं. पेर वाकडंच आहे. १९७३ नंतरच्या पावत्या मी परत काढून पाहिल्या, अंगठ्याच्या ठशात मधोमध आडवी रेघ आहे.

आबा ते ऐकत होते. रेघेचं कारण त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. त्यांनी उठून माझ्या हातातली ती पावती घेतली आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

प्रतिज्ञापत्र दुसऱ्या दिवशी तहसीलला झालं. फाइल वर गेली, आणि काही महिन्यांनी दुरुस्त नोंद आली.

त्या संध्याकाळी मी निघालो तेव्हा आजींनी थांबवलं. “साहेब, पल्याडच्या घरात एक बाई हाय. तिचा दादला बी पलटणीतच हुता. दोन वर्सं झाली जाऊन. तिचंबी नाव असंच लागंना म्हणत्यात.” गुडघे दुखत असताना त्या सुनेचा खांदा धरून माझ्यापुढं चालू लागल्या. त्या घरात नवऱ्याची ट्रंक भंगारात गेलेली होती. बाईंनी माहेरच्या गावी चौथीपर्यंत शाळा शिकल्याचं सांगितलं, तेवढा एकच धागा. तिथल्या मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, जुनी रजिस्टरं आहेत म्हणाले. बुधवारी जातोय.