माऊस कपाटात गेला तेव्हा कुठे जमायला लागलं

मला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा. यात आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेकडेचं जातं आणि नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं, माझं ते मधलंही आता धूसर झालंय. आणि काम काय तर मुद्रितशोधन. म्हणजे डोळ्यांवर चालणाऱ्या कामांतलं सगळ्यात डोळेखाऊ काम 😄

बरीच वर्षं मॅग्निफायरवर काढली. विंडोज की आणि प्लस दाबलं की स्क्रीन मोठी होते, अजून दाबलं की अजून मोठी. 200 टक्क्यांवर सुरुवात केली होती, शेवटी 500 वर आले तेव्हा एका वेळी स्क्रीनवर दोन-तीन शब्दच मावायचे आणि ओळीच्या शेवटी गेलं की सुरुवात काय होती ते विसरलेलं असायचं. संध्याकाळी डोकं ठणकायचं ते वेगळंच. तरी सोडवत नव्हतं. स्क्रीन रीडर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, हे 'ज्यांना अजिबात दिसत नाही' त्यांच्यासाठी, मला तर दिसतंय ना थोडं, असं मनात घट्ट बसलेलं.

एकदा नॅरेटर नावाचा स्क्रीन रीडर चालू करून पाहिला होता. तो विंडोजमध्ये आधीच असतो, कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबलं की बोलायला लागतो. लागला बोलायला. विंडो, बटन, टॅब, लिस्ट, काहीबाही घाईघाईने सांगत सुटला, मी दोन मिनिटांत घाबरून बंद केला आणि पुढचं वर्षभर नाव काढलं नाही.

मग ओळखीतल्या एका मुलाशी बोलणं झालं. त्याला जन्मापासून दिसत नाही आणि तो कॉम्प्युटरवरच नोकरी करतो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, माऊस वापरता का अजून?" म्हटलं हो, म्हणजे बाण सापडला तर. तो म्हणाला, "मग असं करा, माऊस काढा आणि कपाटात ठेवा. मग मला फोन करा." मला वाटलं चेष्टा करतोय.

त्याच्या सांगण्यावरून एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर घेतला. हे फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, 2006 मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या तरुणाने सुरू केलं आणि मग जेम्स टेह त्याला येऊन मिळाला, दोघेही अंध. हे कळल्यावर मला जरा धीर आला खरं सांगायचं तर, कारण ज्यांना स्वतःला लागतं त्यांनीच बनवलंय. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर त्याहून जुना, 1989 पासूनचं, पण ते विकत घ्यावं लागतं. ते नुसतं ट्राय करायचं तर 40 मिनिटं चालतं आणि मग परत हवं असेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. एका पानावर तासभर घुटमळणाऱ्या बाईला 40 मिनिटं कशी पुरायची.

इन्स्टॉल करणं सगळ्यात सोपं निघालं. फाइल उघडली की ती स्वतःच बोलायला लागते, करार मान्य आहे त्यावर स्पेसने टिक करायची आणि टॅब दाबत इन्स्टॉल या बटनापर्यंत जायचं. मध्ये विचारतं की साइन-इनच्या स्क्रीनवर पण चालू करायचं का, त्याला हो म्हणा, नाहीतर पासवर्ड टाकायच्या वेळीच मुकं राहील. नंतर अजून एक विचारतं, कॅप्स लॉकला एनव्हीडीएची की करायची का. सगळ्या कमांडना एक मुख्य की लागते, ती एरवी इन्सर्ट असते. माझ्याकडे नंबरपॅडवाला मोठा कीबोर्ड आहे म्हणून मी इन्सर्टच ठेवली, लॅपटॉपवाल्यांना कॅप्स लॉक सोयीची पडते. मग कॅप्स लॉकचं नेहमीचं काम हवं असेल तर ती पटकन दोनदा दाबायची. कीबोर्डवर चाचपडत एफ आणि जे वरचे उंचवटे शोधण्यापासून आमची तयारी, वीस वर्षं टाइप करतेय पण ते उंचवटे कधी बोटांना जाणवलेच नव्हते.

पहिल्या दिवशी त्याने एकच काम दिलं. इन्सर्ट आणि 1 दाबायचं. त्याने इनपुट हेल्प चालू होतं, म्हणजे कुठलीही की दाबा, ती फक्त आपलं नाव आणि काम सांगते, करत काही नाही. काही बिघडायची भीती नाही. मी संध्याकाळभर नुसत्या किया दाबत बसले. दुसऱ्या दिवशी तीनच शिकवल्या. कंट्रोल दाबलं की गप्प. इन्सर्ट आणि खालचा बाण, की वाचत सुटतं. इन्सर्ट आणि टॅब, की आत्ता मी कुठे आहे ते सांगतं. ही शेवटची मी दिवसातून शंभरदा दाबायचे आणि अजूनही दाबते.

तरीपण पहिले दोन आठवडे काही खरं नव्हतं, आणि त्याचं कारण माझे डोळे. ते बोलतंय एक आणि मी स्क्रीनला नाक लावून शोधतेय की हे कुठलं वाचतंय. ते पुढे जायचं, मी मागे राहायचे, मग कंट्रोल दाबून गप्प करायचं, परत शोधायचं. कान आणि डोळे दोघांची मारामारी. फोनवर रडकुंडीला आले तेव्हा तो म्हणाला की सेटिंगमध्ये स्क्रीन कर्टन म्हणून आहे ते चालू करा. त्याने स्क्रीन पूर्ण काळी होते, कॉम्प्युटर आत चालू असतो पण दिसत काही नाही. चालू केलं आणि पोटात गोळाच आला. दिसत होतं ते थोडं, ते पण आपल्याच हाताने घालवलं असं वाटलं. चिडून उठून गेले त्या दिवशी. पण परत येऊन बसले तेव्हा एक झालं, शोधायला काही उरलंच नव्हतं त्यामुळे ऐकावंच लागलं. माऊस त्याच दिवशी खरोखर कपाटात गेला.

आता मला जी गोष्ट कळायला महिना लागला ती सांगते. हे सॉफ्टवेअर स्क्रीन वाचत नाही. नाव स्क्रीन रीडर आहे पण ते चित्राकडे बघतच नाही. प्रत्येक प्रोग्राम आणि वेबपेज आतून आपल्याबद्दल सांगत असतं, इथे बटन आहे, त्याचं नाव हे, इथे हेडिंग आहे, इथे टिक केलेली आहे. ते जे सांगतं तेवढंच हे आपल्याला बोलून दाखवतं. ज्याने बनवलं त्याने बटनाला नावच दिलं नसेल आणि नुसतं पाखराचं की कचरापेटीचं चित्र चिकटवलं असेल तर डोळसांना सगळं दिसतं आणि आपल्याला ऐकू येतं "बटन. बटन. बटन." मग अंदाजपंचे. एकदा मी पाठवा समजून डिलीट केलं आहे.

मराठीवाल्यांना याचा सगळ्यात जबरदस्त नमुना म्हणजे जुने फॉन्ट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला कॉम्प्युटरमध्ये स्वतःची ओळख देणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल स्क्रीनवर सुंदर मराठी दिसते पण आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवलेला. मला आलेल्या एका पुस्तकाच्या फाइलवर एनव्हीडीए अगम्य इंग्रजी बरळायला लागलं, मला वाटलं बिघडलं. बिघडलं काही नव्हतं, तेच तेवढं खरं बोलत होतं 😀 अशी फाइल आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावी लागते आणि त्यात जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात, ते निस्तरण्यात एक दिवस जातो. स्कॅन केलेल्या पीडीएफचं पण तेच, आत मजकूरच नाही, फोटो आहे. इन्सर्ट आणि आर दाबलं की फोटोतली अक्षरं ओळखायचा प्रयत्न करतं, इंग्रजी छापील असेल तर बऱ्यापैकी जमतं.

वेबपेजवर मी आधी खालचा बाण दाबत दाबत वरपासून खालपर्यंत जायचे, एका पानाला अर्धा तास. मग कळलं की एच दाबलं की हेडिंगवरून हेडिंगवर उडी, के म्हणजे लिंक, बी म्हणजे बटन, ई म्हणजे टाइप करायची जागा, टी म्हणजे तक्ता, आणि शिफ्टसकट दाबलं की तेच उलट. इन्सर्ट आणि एफ7 ला सगळ्या लिंक, हेडिंग यांची यादीच समोर येते. मला हे फार आवडलं कारण पुस्तकाची अनुक्रमणिका चाळल्यासारखं आहे. पण यातच एक गोची. एकदा नाव टाइप करतेय आणि प्रत्येक अक्षराला कर्सर पानभर उड्या मारतोय. कारण वाचायचा मोड वेगळा आणि टाइप करायचा वेगळा. बहुतेक वेळा टाइप करायच्या जागेत गेलं की आपोआप बदलतो, बारीकसा आवाज येतो, नाहीच बदलला तर इन्सर्ट आणि स्पेस. तो बारीकसा आवाज ओळखायला शिका, बाकी सगळं नंतर शिकलात तरी चालेल.

आणि इन्सर्ट-एस! चुकून दाबलं गेलं आणि आवाजच गेला. अर्धा दिवस मी स्पीकरच्या वायरी काढून घालतेय, माझ्या मुलाला ऑफिसमधून बोलावून घ्यायची वेळ आली, आणि ती की बोलणं बंद-चालू करायची निघाली. परत दोन-तीनदा दाबलं की येतो आवाज. मुलाला एनव्हीडीए काय बोलतंय ते कळत नाही, त्याच्यासाठी टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे, जे बोलतं ते एका खिडकीत लिहून दाखवतं. घरातलं कोणी मदत करणार असेल तर ते चालू ठेवा, नाहीतर ते माऊस मागतात.

मराठी आवाज एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या ईस्पीक या आवाजाच्या प्रोग्राममध्ये आहे, इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही दाबून निवडता येतो. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा आहे, गोड वगैरे अजिबात नाही, पहिल्यांदा ऐकून मी कपाळावर हात मारला होता. पण वेग वाढवला तरी त्याची अक्षरं सुटी राहतात, गोड आवाज वेगात गुळगुळीत होतात. मी वेग इतका कमी ठेवला होता की मला शिकवणारा तो मुलगा म्हणाला ताई, याने तुम्हालाच झोप येईल. दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत गेले. आता घरातले म्हणतात हे काय किरकिर लावलीय. वर्डसाठी मी वेगळी प्रोफाइल केलीय, वर्ड उघडलं की आपोआप मराठी आवाज, बाहेर आलं की इंग्रजी.

आता माझ्या कामाचं. पूर्वी छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रूफ धरून बसायचा. मला वाटलं मग एनव्हीडीए हा वाचणारा झाला, झालं काम. पण दुसऱ्याचे डोळे कुठून आणायचे? "आणि" आणि "आणी" भरभर ऐकताना एकच, "दृश्य" आणि "दृष्य" एकच, "परंतु"चा तु ऱ्हस्व की दीर्घ ते कानाला कळत नाही, आणि यावरच तर माझं पोट. एकेक अक्षर बाणाने ऐकलं तर कळतं पण दोनशे पानं अशी कोण ऐकणार. म्हणून मी उलटी युक्ती काढली. इतक्या वर्षांत लोक नेमके कुठले शब्द चुकवतात ते मला पाठ आहे, त्यांची यादी केली आणि फाइल हातात आली की कंट्रोल-एफने ते चुकीचे रूपच शोधते, आणी, परंतू, दृष्य, किंव्हा, असे. दुहेरी स्पेसही तशीच शोधते कारण ती ऐकूच येत नाही. हे झालं की मग विरामचिन्हं सगळी बोलायला लावून, इन्सर्ट-पी ने ते बदलता येतं, सलग ऐकते. वाक्य अडखळलं तर कान लगेच पकडतो, हे डोळ्यांनी वाचताना सुटायचं, शब्द गळलेला असला तरी डोळा तो स्वतःच भरून घ्यायचा. मांडणी, फॉन्टचा आकार, ओळींमधलं अंतर हे मी आता बघत नाही, प्रकाशकांना तसं आधीच सांगते. एकाने काम काढून घेतलं, दोघांनी ठेवलं.

सध्या तक्ते शिकतेय. कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबून एका घरातून दुसऱ्या घरात जायचं असतं. काल एका लांबलचक तक्त्यात शिरले आणि बाहेरच पडता येईना, कुठली ओळ कुठला रकाना सगळं गेलं डोक्यातून. शिकवणाऱ्या त्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "ताई जेवतोय, दहा मिनिटं तिथेच थांबा."