कोपर-डायरी 7: 75 फुटांवर घोडं पेंड खात होतं ते इथे

मंडळी, माझा बारा वर्षांचा मुलगा बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. मे महिन्यात त्याचं कोपर दुखावलं, सहा आठवडे फेकणं बंद होतं, आता फेकीचं अंतर टप्प्याटप्प्याने वाढवतोय. मागच्या भागात मी ऐटीत लिहिलं होतं, 'दोन आठवड्यांत 90 फूट'. ते शब्द परत घेतो. तीन आठवडे झाले, आम्ही अजून 75 वरच आहोत. मध्ये दोनदा 60 वर परत यावं लागलं. आणि दोष ना त्याच्या हाडाचा, ना चेंडूचा. दोष आमच्या मागच्या अंगणाच्या कुंपणाचा. नीट सांगतो.

45 आणि 60 फूट अगदी लोण्यासारखे गेले. 25 थ्रो, दहा मिनिटं विश्रांती, परत 25, मग एक दिवस सुट्टी. 75 चा पहिला दिवसही छान गेला, चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये थाडकन येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीवांनी फ्रीज उघडला, दुधाच्या गॅलनच्या कॅनला उजवा हात घातला, काढला आणि कॅन डाव्या हाताने उचलला. पावणेचार लिटर दूध. मी चहा गाळता गाळता पाहिलं.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"थोडंसं. बाबा, पण सांगितलं की तुम्ही परत सहा आठवडे बंद करणार ना?"

बारा वर्षांच्या पोराच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड आहे. पण लपवलेलं थोडंसं दुखणंच मे महिन्यात आम्हाला एक्स-रेपर्यंत घेऊन गेलं होतं. तेव्हा नियम तोच: सांधा दुखला की थांबायचं, एक पायरी खाली उतरायचं. 60 वर आलो, सगळं ठीक. परत 75, परत दुसऱ्या दिवशी सकाळी डावा हात.

मग संशयितांची यादी. ओला चेंडू? नाही, कोरडाच होता. रबर बँडचे व्यायाम जास्त? फिजिओथेरपिस्टने तपासलं, खांदा दोन्ही बाजूंना व्यवस्थित फिरतोय. रविवारचं आमचं टेनिस बॉल क्रिकेट? तिथे त्याला स्लिपमध्ये उभं करतो, फेकायचं नावच नाही. उंची? दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण जानेवारीपासून दीड इंच वर सरकली आहे. यावर मी दोन रात्री काढल्या, कारण मूळ दुखणं वाढीचंच आहे. हात मागे जाऊन पुढे येताना कोपराची आतली बाजू फाकते. मोठ्या माणसात तो ताण लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) झेलतं. पोरांत लिगामेंटपेक्षा ग्रोथ प्लेट (हाडाच्या टोकाचा अजून वाढणारा भाग) कच्ची, म्हणून ओढ तिच्यावर येते. (आपल्याकडे कोवळ्या फास्ट बोलरची कंबर जाते, इथे पिचरचं कोपर.) पण उंची काय, 60 फुटांवरही तेवढीच होती.

शेवटी व्हिडिओ. स्लो मोशनमध्ये चार वेळा पाहिला. कोपर खांद्याच्या रेषेत, पाऊल सरळ, सगळं पुस्तकातल्यासारखं. पाचव्यांदा कंटाळून नेहमीच्या वेगात लावला, आणि स्लो मोशनमध्ये न कळलेला आवाज ऐकू आला. ठक्. पुढच्या थ्रोला परत ठक्. त्याची उजवी टाच कुंपणाच्या फळीवर आपटत होती.

आमचं अंगण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम 80 फूट. 60 ला त्याच्या मागे जागा उरायची, छोटी उडी मारून तो क्रो हॉप घ्यायचा. 75 ला पाठ कुंपणाला. उडी गेली म्हणजे पाय आणि कंबर दोन्ही गेले, आणि ते सगळं काम एकट्या हाताने केलं, तेसुद्धा जास्त अंतरावर. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घर घेताना शाळा पाहिली, ट्रेन पाहिली, क्रो हॉपला जागा आहे का हे कोण पाहतं?

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन शाळेच्या मैदानावर गेलो. तेच 75 फूट, मागे हवी तेवढी जागा. 25 आणि 25. सकाळी कॅन उजव्या हाताने! एक दिवसाआड परत तेच, परत उजवा. मी काही बोललो नाही, फक्त चहात एक चमचा साखर जास्त टाकली.

अवजारांबद्दल. हातातला क्लिकर (बटण दाबून फेकी मोजायचं यंत्र) ही या वर्षातली माझी सर्वात चांगली खरेदी. नियमाचा पिच काउंट फक्त मॅचमधले पिच, म्हणजे बॅटरला टाकलेले चेंडू, मोजतो. फ्लोरिडातल्या हायस्कूल पिचरांवरच्या एका अभ्यासात बुलपेन (मॅचआधीचा सराव) आणि दोन इनिंगमधले वॉर्म-अप धरले तेव्हा मॅचच्या दिवसाचे सुमारे 42 टक्के पिच त्या आकड्याच्या बाहेर निघाले. आमच्या दुखण्याआधीच्या त्या शनिवारी वहीत 62 होते, आणि रविवारी त्याच पोराला कॅचर केलं होतं, म्हणजे परत सतत फेकणं. त्या संघाविषयी भाग 2 मध्ये पुरेसं बोललोय. वेग वाढवायला वापरतात त्या जड चेंडूंबद्दल विचारणाऱ्यांना उत्तर तेच: ग्रोथ प्लेट बंद होईपर्यंत आमच्या घरात नाही. कॉम्प्रेशन स्लीव्ह (हातावरची घट्ट बाही) दिसते झकास, बाकी काही नाही.

वेग मोजायची रेडार गन मात्र वेगळ्याच कामाला आली. 'अर्ध्या जोराने टाक' म्हटलं की तो ताशी 47 मैलांनी टाकतो. पूर्ण जोर 58. हे अर्धं नव्हे, 80 टक्के झालं! पोराचा 'हळू' आणि कोपराचा 'हळू' यांत फार फरक आहे. आता मी जोर सांगत नाही, 40 च्या वर जायचं नाही एवढंच सांगतो.

बेत असा होता की सप्टेंबरच्या फॉल सीझनमध्ये दोन-दोन इनिंग पिचिंग. पण हे लिहिता लिहिता वहीची पानं उलटली. पिच स्मार्ट या मुलांच्या पिचिंगसाठीच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे वर्षात किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग. आमची सलग विश्रांती अजून सहाच आठवडे. म्हणजे फॉलमध्ये पिचिंगऐवजी फर्स्ट बेसवर फील्डिंग, नोव्हेंबर ते जानेवारी चेंडूला सुट्टी, माउंड (पिचरचा उंचवटा) थेट मार्चमध्ये. त्यातही पिचिंगचं अंतर 46 फुटांवरून एकदम 60 फूट 6 इंचांवर न्यायला नको. मधला 50 फुटांचा इंटरमीडिएट विभाग आहे, 13 व्या वर्षापर्यंत चालतो. कुणाची मुलं त्यात खेळली असतील तर कळवा, कर्व्हबॉलचा (वळणाऱ्या चेंडूचा) आग्रह धरणारे कोच तिथेही भेटतात का?

शनिवारी 90 फूट, सकाळी साडेसहाला, सॉकर कॅम्प सुरू व्हायच्या आत. रविवारी मी फ्रीजसमोर पेपर वाचत बसलेला असेन. त्याला सांगू नका. तसंही त्याला मराठी वाचता येत नाही.